चंद्रकोलाची खरी चव

गुरुदत्तने भाऊसाहेबांना स्टेजवर बोलावलं, तेव्हा ते खुर्चीतून उठायलाच तयार नव्हते. शेवटी परेशने बापाच्या कानाशी लागून विनवलं, "बाबा, दोनच वाक्यं बोला. सोमवारी ऑफिसात मला त्याच्याच शेजारी बसायचंय."

शनिवारची दुपार होती. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातला कम्युनिटी हॉल मराठी माणसांनी भरला होता. हा गुरुदत्त म्हणजे मिरजेच्या चंद्रकोलावाल्यांचा नातू. आजोबांचा कोला त्याने इथे 'मूळ रेसिपी, १९३४' म्हणून बाजारात आणला होता. कुणा हिमालयातल्या साधूने आजोबांना हे सूत्र दिलं, असं तो नुकताच डोळे ओले करून सांगून गेला होता. भाऊसाहेबांना हसू आवरेना. ते चंद्रकोलाच्याच कारखान्यात तेहतीस वर्षं केमिस्ट होते आणि मालकांची, म्हणजे याच आजोबांची, धाव कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

गुरुदत्तने पेला पुढे केला. "काका, सांगा सगळ्यांना. तीच चव ना?"

भाऊसाहेबांनी घोट घेतला. व्हॅनिला, आणि जिभेला चिकटून राहणारा कसला तरी बिनसाखरेचा गोडवा.

"कुठली 'तीच'?" त्यांनी माइकमध्ये विचारलं. "पहिली चव वसुंधराबाईंची. त्या दवाखान्यात औषधं कालवायच्या. आफ्रिकेहून परतलेल्या एका खलाशी पेशंटने त्यांना कोलाच्या बिया दिल्या. त्यात सुंठ, संत्र्याची साल, गूळ घालून त्यांनी डोकेदुखीवर काढा केला. तुझ्या आजोबांनी त्यात गॅस भरला आणि बाटलीवर आपलं नाव घातलं. साधूबिधू कुणी नव्हता. हे मला बाईंनी स्वतः सांगितलंय, म्हातारपणी."

भाऊसाहेबांना आता चेव चढला. "मग गूळ महाग पडतो म्हणून साखर आली. साखर मिळेना तेव्हा सॅकरिन. संत्र्याची साल गेली, ॲसिड आलं. आणि दर वेळी लेबलवर एकच ओळ: 'तीच अस्सल चव'! लोकांना चव कशाला लागते? गोष्ट सांगा, पाणी विका."

पहिल्या रांगेतून त्यांची नात ओवी ओरडली, "आजोबा, बट हू टूक आउट द कोला?"

बारा वर्षांच्या पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

"मी," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर साली. बिया यायच्या बंद झाल्या. मी कॅफीनची पूड आणि जाळलेली साखर घातली. चव तीच आहे, असं मालकांना लिहून दिलं आणि खाली सही केली. बाई तेव्हा हयात होत्या. त्यांना बाटली नेऊन दाखवायची माझी छाती झाली नाही."

आता लोक तोंडात मारल्यासारखे उठून जातील, अशी त्यांची अपेक्षा होती. झालं भलतंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी मागून "स्वीट ॲज, काका!" अशी 'लय भारी'ची इथली दाद देत शिटी मारली. गुरुदत्तने त्यांना मिठी मारली आणि माइक काढून घेतला. "ऐकलंत? चंद्रकोलाचे खुद्द मास्टर ब्लेंडर आज आपल्यात आहेत!" बाटल्यांवर झुंबड उडाली.

महिन्याभराने कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, नवीन बाटल्या आल्या. लेबलवर भाऊसाहेबांचा फोटो होता. साधूही शेजारी होताच.

भाऊसाहेबांनी तिथूनच फोन लावला. "माझं थोबाड काढ आणि बाईंचं नाव घाल."

"काका, बाईंची स्टोरी जरा हेवी होते हो," गुरुदत्त म्हणाला. "लोकांना रिफ्रेशिंग लागतं."

"तुझे आजोबा निदान चोरी करताना लाजायचे," एवढं बोलून भाऊसाहेबांनी फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी ओवीला लॅपटॉपसमोर बसवलं आणि चंद्रकोलाच्या पानावर रिव्ह्यू लिहून घेतला. बाटलीवरचा माणूस मीच. ही चव खोटी, माझी त्याआधीची चवही खोटी. खरी वसुंधराबाईंची. ती कडू होती आणि तिने डोकं दुखायचं थांबत असे.

"हाउ मेनी स्टार्स?" ओवीने विचारलं. "झीरो देता येत नाही."

"मग एक दे," भाऊसाहेब म्हणाले. "आणि बाईंच्या नावाचं स्पेलिंग नीट लिही."