सर्वानुमते

वस्ती समितीचं इतिवृत्त अकरा वर्षं मीच लिहितोय आणि खरं सांगायचं तर सभेच्या आधीच लिहितोय. हसू नका. सभा महिन्याच्या पहिल्या बुधवारी, सकाळी अकराला. येणार कोण? अध्यक्ष असलेले दुकानदार, त्यांचे मेहुणे, निवृत्त मास्तर आणि मी. कोण काय बोलणार हे मला तोंडपाठ. मग आदल्या दिवशी घरी निवांत बसून वळणदार अक्षरात लिहून टाकायचं, 'सर्वानुमते मंजूर'. आमची ही म्हणायची, "मग सभा तरी कशाला भरवता? चहा मीच पाजते!"

बाकीच्या सह्या नंतर गोळा व्हायच्या. वस्तीतल्या कितीतरी बायका कोपऱ्यावरच्या धुलाईघरात कामाला. वही तिथल्या दारात न्यायची, त्या ओल्या हातांनी सही करायच्या आणि माझी शाई फुटायची. "आधी हात पुसा की!" मी खेकसायचो. वहीत काय लिहिलंय, हे एकीनंही कधी विचारलं नाही. मान्य असेल, असं मी धरून चालायचो.

या वेळचा ठराव असा होता: गल्लीच्या तोंडावरचा सार्वजनिक नळ काढायचा आणि तिथे दुकानाच्या गाड्या उभ्या करायच्या. ज्यांच्या घरात नळ नाही, त्यांनी मोठ्या रस्त्यापलीकडून पाणी आणावं. मंगळवारीच मी सगळं लिहून वही मिटली.

बुधवारी अकराच्या ठोक्याला घडीवाली आली. धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते म्हणून तिला हे नाव. मागोमाग तिच्या चौदा मैत्रिणी. खुर्च्या सहाच होत्या, म्हणून सगळ्या उभ्याच राहिल्या.

"आज कामाला दांडी?" दुकानदारांनी विचारलं.

"दांडी कसली, हक्काची रजा आहे. यंदापासून महिन्याचा पगार सुरू झालाय आम्हाला. आधी चादरीमागे पैसे मिळायचे. इथे तासभर बसले असते, तर संध्याकाळी पोरांना काय वाढलं असतं?"

दुकानदार गोड हसले. "बरं झालं आलात, ताई. चिटणीस, वाचा."

मी वाचलं. सवय, दुसरं काय! "सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर."

"चर्चा कधी झाली?" घडीवालीनं विचारलं. माझी कानशिलं तापली.

"काका, सर्वानुमते म्हणजे आम्हीसुद्धा त्यात आलो ना?"

"हो... म्हणजे, तसंच."

"माझी सासू गुडघे धरत तो रस्ता ओलांडणार. ती गाडीखाली तर गेली नसेल ना, म्हणून मी दिवसभर जीव मुठीत धरून काम करणार. हे मला मान्य आहे, असं लिहिलंत तुम्ही."

"आजवर सह्या करताना तोंड शिवलं होतं का?" मेहुणे फिस्कारले.

"यंत्र थांबत नाही, दादा. चादरी तुंबल्या की मुकादम घरी बसवायचा. वाचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्हाला परवडत नव्हता."

मला लाज वाटली. अकरा वर्षं मी यांची घाई आणि भीती गोळा करत फिरलो आणि तिलाच संमती म्हणत आलो. वर शाई फुटली म्हणून डाफरलो ते वेगळंच.

"वही मिटा," दुकानदार डोळे वटारून म्हणाले.

मी मिटली नाही. लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली. त्या वहीतली ती पहिलीच खाडाखोड. मग हात वर करायला सांगितले. नळ काढावा म्हणणारे दोन, मेहुणे-मेहुणे. राहावा म्हणणाऱ्या पंधराजणी. सोळावा हात माझा. मास्तर छताकडे बघत होते.

झालं ते तिथेच लिहून सहीसाठी वही पुढे केली, तशी घडीवाली एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. मी थांबलो. तिनं सही केली. हात कोरडे होते, शाई कुठेच फुटली नाही.

मग वही परत देण्याआधी तिनं पुढची पानं उलटून बघितली. ती कोरीच आहेत ना, याची खात्री करून घेतली आणि मगच वही माझ्या हातात ठेवली.