सरळ धागा, वाकडे रूळ

मी भिंतीवरचा भारत. म्हणजे नकाशा हो, घाबरू नका. घाबरायचं काम माझ्याकडे आहे. नागपुरातल्या जरीपटक्याच्या या अभ्यासिकेत कूलर सुरू झाला, की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत माझं अंग फडफडतं.

जन्म छापखान्यातला. आधी निळा रंग चढला, मग हिरवा, मग तपकिरी, आणि शेवटी काळ्या बारीक रेघांची रेल्वे. अभ्यासिका चालवणाऱ्या नत्थूजींनी मला सीताबर्डीहून आणलं, खिळे ठोकले (प्रत्येक ठोक्याला मी दचकलो), तेव्हापासून इथंच.

माझ्यात काय नाही! वर बर्फ, डावीकडे वाळवंट, उजवीकडे चेरापुंजीचा धो धो पाऊस, खाली समुद्र. पण येणारा प्रत्येक जण आधी नागपूरच शोधतो. "हे पाह्य, बरोबर मधात!" म्हणून बोट ठेवतो. बोटं लागून लागून नागपूर पुसलंच गेलं. दिल्ली, चेन्नई, मुंबई, कोलकाता, सगळीकडच्या गाड्या आता एका पांढऱ्या ठिपक्यात शिरतात आणि पलीकडून बाहेर पडतात.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पंचेचाळीस डिग्री. इथं अभ्यासाला येणारी कामठीची रोशनी नोकरीची परीक्षा पास झाली होती. पाच वाजेपर्यंत फॉर्ममध्ये गाव निवडायचं होतं: जगदलपूर किंवा विशाखापट्टणम. एकदा निवडलं की तीन वर्षं तिथंच. तिला विशाखापट्टणम हवं होतं. समुद्र कधी पाहिलाच नव्हता तिनं. पण तिचे बाबा लहानूजी "नकाशा पाहिल्याबिगर बटन दाबू नको" म्हणत बायको भीमाबाईंना घेऊन शेअर ऑटोनं इथं हजर.

लहानूजी पॉवरलूमवर काम करतात. त्यांनी खिशातून सूत काढलं, एक टोक नागपूरवर दाबलं, दुसरं ताणून धरलं. मी श्वास रोखला.

"जगदलपूर चार बोटं, हे दुसरं सहा बोटं. झालं. जवळचं भर."

"बाबा, पण..."

"पण-बिण काही नाही. आजारी पडली त कोण धावन?"

रोशनीचा चेहरा उतरला. मला ओरडावंसं वाटलं, अहो, त्या धाग्याखाली जंगल आहे, घाट आहेत! पण कागदाला कुठलं तोंड? साडेचार वाजले होते.

इतका वेळ कूलरसमोर घाम पुसत बसलेल्या भीमाबाई उठल्या. चष्मा लावून इतक्या जवळ आल्या की मी पुन्हा दचकलो.

"अवो, हा धागा त हवेतून गेला. आपली पोरगी काय कावळा हाय का?"

त्यांनी सूत नवऱ्याच्या हातातून घेतलं आणि रेल्वेच्या रेघेवरून, प्रत्येक वळणावर नखानं दाबत नेलं. गोंदिया, रायपूर, मग डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत. जगदलपूरला मात्र तोच सगळा रस्ता जाऊन, समुद्र जवळ आल्यावर पुन्हा मागं वळायचं होतं. धागाच संपला.

"रायपूरहून बस हाय," लहानूजी पुटपुटले.

"बस! रामटेकले जाता जाता तीनदा उलटी केली हिनं. मनसरलेच उतरवा लागलं. अन् तुम्ही घाटात पाठवून राहिले!"

"आई, काहून वं सांगून राहिली सगळ्याइले!"

अख्खी अभ्यासिका हसली. लहानूजी नाही हसले. त्यांनी रेघेवरून स्वतःचं बोट फिरवलं, हळूच, समुद्रापर्यंत.

"एकाच गाडीत बसलो त तिथंच उतरन ना मी? मधात बदलायचं काम नाही?"

"नाही बाबा."

"मंग दाब बाप्पा."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला रोशनी सुट्टीवर आली, तेव्हा इथंही डोकावली. पोरींनी घेरलं तिला. म्हणाली, "बाबा दोनदा येऊन गेले. एकदा त न सांगता!" मग माझ्या निळ्या रंगावर हात ठेवून म्हणाली, "असा नसते वं समुद्र. सकाळी राखेसारखा, दुपारी हिरवा. अन् आवाज किती करते!"

आवाज? माझा समुद्र आजवर गप्पच आहे.

आता माझा कच्छकडचा कोपरा सुटलाय, राजस्थान फाटलंय. नत्थूजी नवा नकाशा आणायचं म्हणतात. आणोत. छापखान्यातून इथं येताना देशभर फिरून आलोही असेन मी, पण गुंडाळीत. वाटेतलं काहीच दिसलं नाही. म्हणून एक विनंती. मी भिंतीवर आहे तोवर, जिथं जाल तिथून आल्यावर एकदा इथं या. बोट ठेवा आणि सांगा मला, तिथली थंडी कशी असते, गाडी किती वेळ थांबते, आणि समुद्र नेमका कसला आवाज करतो.