मोना तितिरमारेची दोन मिनिटं

“तुम्ही चौथ्या आहात, काकू,” चंद्रकुमार म्हणाला. चिडून नाही, हसूनच म्हणाला. “मीच मोना तितिरमारे म्हणून तिघी आधीच येऊन गेल्या. एकीनं तं रडूनबी दाखवलं.”

साधना हटवार स्टेजच्या पायऱ्यांशी पर्स छातीशी धरून उभी होती. ती मोहाडीच्या अंगणवाडीतली मदतनीस, रोज चाळीस पोरांची खिचडी शिजवणारी. भंडाऱ्याच्या या हॉलमध्ये आज ‘झाडीबोली पॉपची तीस वर्षं’ असा कार्यक्रम होता आणि कॉलेजात शिकवणारा हा चंद्रकुमार त्याचा कर्ताधर्ता. सुरू व्हायला दहा मिनिटं होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिला त्या दहा मिनिटांत ओठांवर आणायचं होतं.

बाई खोटं बोलत नव्हती, हे आपण आधीच मान्य करून टाकू. शहाण्णव साली, अठराव्या वर्षी, ती नागपूरला जाऊन एका कॅसेटमध्ये गायली होती. साथीला ऑर्गन आणि ऑक्टोपॅड, शब्द मात्र अस्सल झाडीबोलीतले. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर उभं राहून वाट बघणाऱ्या पोरीचं गाणं. दंडारीच्या लोकनाट्यावर वाढलेल्या लोकांनी असलं काही ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात या गाण्याशिवाय आसपास एक लग्न लागलं नाही. कॅसेटच्या कव्हरवर फोटो कुठल्याशा गोऱ्यापान मॉडेलचा होता. नाव तेवढं हिचं, माहेरचं.

मग स्थळ आलं. “गाणाऱ्या पोरीले कोण करते?” असं म्हणत बापानं, देवाजीनं, तिच्याकडून वचन घेतलं, की लगन झाल्यावर या गाण्याचं नाव काढायचं नाही. गाणारी मोना वेगळी, नुसतं नाव सारखं, असं त्यानं सासरी सांगून ठेवलं. लग्नात नवऱ्यानं, केवळरामनं, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, ‘साधना’. वरातीत नेमकं तेच गाणं लागलं. नवरदेव जीपमधून उडी मारून नाचायला गेला आणि नवरी जीपमध्ये खाली मान घालून स्वतःचाच आवाज ऐकत बसली. तेव्हा तिला हसू आलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

बाप गेल्या वर्षी वारला, आणि आता वचन फिटलं असं तिनं धरलं. केवळरामला मात्र अजून काही सांगितलं नव्हतं. त्याला ते भर सभेत, माइकवरून कळावं, एवढी तिची हौस. तो तिकडे तिसऱ्या रांगेत चिवडा खात बसला होता.

“आधार आहे का, काकू?” चंद्रकुमारनं तिचं मन राखायला विचारलं. आधारवर साधना होतं. “शाळेचा दाखला?”

“पुरात गेला जी. माहेरचं घरच गेलं.”

“मंग दोन ओळी म्हणा. आवाज लपत नाई.”

पाच वर्षांपूर्वी थायरॉइडची गाठ काढताना तिच्या आवाजाची नस दुखावली होती. तेव्हापासून गळ्यातून निघायची ती खरखर. तरी तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीत, जिथं आवाज वर चढायचा तिथं, नुसती हवा आली. दुसरी ओळ तिनं घेतलीच नाही. पोरगा सज्जन होता, तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“राग नका मानू, काकू,” तो म्हणाला. “मोनाबाई अठ्ठ्याण्णवलेच वारल्या. कंपनीवाले दुसऱ्या कॅसेटसाठी त्यांच्या गावाले गेले होते. त्यांच्या बापानंच सांगतलं, पोरगी तापानं मेली म्हणून. हे पाहा, दुसऱ्या कॅसेटवर छापलंबी हाये.”

त्यानं मोबाइल पुढे केला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कै. मोना तितिरमारे यांच्या स्मृतीस’.

साधनानं ते दोनदा वाचलं. लग्नाआधी सहा महिने ती दुसऱ्या कॅसेटच्या बोलावण्याची वाट बघत होती. रोज संध्याकाळी बापाला विचारायची. एक दिवस तो वैतागून म्हणाला, “कोणी नाई आलं. एकडाव गायली, आता कोण पुसते तुले?” ते तिनं खरं मानलं. आपल्यात काही तेवढं नव्हतं, हे मनाशी घट्ट करून तिनं संसार केला, पोरं वाढवली, बापाच्या शेवटच्या दुखण्यात त्याचं सगळं केलं. तिला बापाचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

“कितीक डाव आले होते ते लोक?” तिनं विचारलं.

“दोनदा आले म्हणतात. काहून?”

“काई नाई, बाप्पा. माहीच चूक झाली,” असं म्हणून ती जागेवर जाऊन बसली.

कार्यक्रम सुरू झाला. चंद्रकुमार पडद्यावर एकेक टप्पा दाखवत होता: भंडाऱ्याच्या ऑर्केस्ट्रात पहिला ऑक्टोपॅड आला तो दिवस, पहिली टेप, आणि मग शहाण्णवची कॅसेट. गाणं लागलं. पोरं खुर्च्या सारून नाचायला लागली आणि केवळरामनं मांडीवर ठेका धरला.

“आपल्या वरातीत हेच वाजलं होतं वं,” तो तिच्या कानाशी ओरडला. “याद हाये ना?”

“हाये,” ती म्हणाली. पण गाण्याच्या दणक्यात तिची खरखर त्याला ऐकू गेली नसावी.

गाणं थांबल्यावर चंद्रकुमारनं त्या मॉडेलच्या फोटोला हार घातला आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. दोनशे माणसं उभी राहिली. साधना बसूनच होती.

केवळरामनं तिला कोपरानं ढोसलं. “अवं, उभी राय ना. मेलेल्या माणसाचा मान ठेवा लागते.”

ती उभी राहिली. सगळ्यांसारखी तिनंही मान खाली घातली. तिच्यासाठी एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिली होती, आणि ती मोना मीच, हे त्यातल्या एकालाही तिला सांगता येत नव्हतं. शेजारी केवळराम टोपी हातात घेऊन, अगदी मनापासून डोळे मिटून उभा होता.

सगळे खाली बसले तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“का आवाज होता वं त्या बाईचा,” तो म्हणाला.

“होता,” साधना म्हणाली.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर पुढचं साल आलं.