चुकीनंतरचा चेहरा

ऊर्मिला इतकी थकलेली असे, की थकव्याचंही तिला आता काही वाटेनासं झालं होतं. जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायची. जिला चुका शोधायचाच पगार मिळतो, ती बाई घरीही चुकाच शोधणार, यात नवल ते काय! साधी ईमेल ती तीनदा वाचायची, दार लावलं की दोनदा ओढून बघायची. एवढं करून काही चुकलंच, तर दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही.

हा स्वभाव तिच्यापुरता राहिला असता, तर तिने तो निभावून नेला असता. पण तिच्या तिसरीतल्या लेकीने, मैत्रेयीने, वह्यांना भोकं पाडायला सुरुवात केली. इथे शाळेत मुलं शाईपेनाने लिहितात आणि चुकलं की टिंटनकिलर नावाच्या पेनाने पुसतात. त्याच्या एका टोकाने शाई उडते, दुसऱ्या टोकाने त्याच जागी पुन्हा लिहायचं. ते दुसऱ्यांदा लिहिलेलं मात्र पुसलं जात नाही. मैत्रेयी तेही पुसत बसायची, कागद फाटेपर्यंत. शेवटी तिने गृहपाठाला हात लावायचंच सोडलं.

वर्गशिक्षिकेने ऊर्मिलाला बोलावून वजाबाकीचं एक पान पुढे ठेवलं. "हे तुमच्या मुलीने बरोबर सोडवलं होतं, आमच्या पद्धतीने, खालच्या आकड्यात एक मिळवून," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही पुसलंत." ऊर्मिलाला शेजारच्या घरातून उसना घ्यायची आपली वजाबाकी ठाऊक. पोरीने वरचा आकडा तसाच ठेवलेला दिसला, तेव्हा तिने सगळं पुसून आपल्या हाताने पुन्हा मांडलं होतं. उत्तरही तेच आलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून ती विद्यापीठात अति काळजी करणाऱ्यांसाठी चाललेल्या एका प्रयोगात गेली. आपली भीती लेकीच्या अंगात मुरू नये, एवढंच तिला हवं होतं. तिथे डोक्यावर तारांची टोपी चढवून तिला पडद्यावरच्या बाणांची दिशा ओळखायला लावली. चुकीचं बटण दाबलं गेलं, की पापणी लवायच्या आत मेंदूत एक लाट उठते, आणि फार काळजी करणाऱ्यांची ती बहुधा मोठी असते, असं तिथल्या संशोधक बाईंनी सांगितलं. ऊर्मिलाची चांगलीच मोठी निघाली. इथेही वरचा नंबर, ती मनाशी म्हणाली.

मग सहा आठवड्यांचा सराव सुरू झाला. रोज सकाळी पाव तास लॅपटॉपवर दोन चेहरे यायचे, एक रागीट, एक शांत. ते गेले की शांत चेहऱ्याच्या जागी ठिपका उमटायचा आणि तो दिसताच बटण दाबायचं. नजरेला रागीट चेहऱ्यावर न अडकायची सवय लावायची होती.

चौथ्या आठवड्यात मैत्रेयी दुधाचा वाडगा घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. तिने रागीट चेहऱ्यावर बोट ठेवलं. "दी गुक्ट वी डू." ही तुझ्यासारखी बघते.

"मी अशी कधी बघते गं?"

वही तपासतेस तेव्हा, असं मैत्रेयीने जर्मनमध्ये सांगितलं आणि ती दूध पिऊ लागली.

ज्या चेहऱ्यावरून आपण नजर काढायला शिकतोय, तोच पोरीला रोज समोर बसवून दाखवत आलोय, हे ऊर्मिलाला त्या दिवशी कळलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा टोपी चढली. लाट जराशी लहान झाली होती. "एका माणसावरून काही ठरवता येत नाही हं," संशोधक बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही फरक वाटतो?"

"चुका तेवढ्याच होतात," ऊर्मिला म्हणाली. "नंतर जरा लवकर सुटका होते, बहुतेक."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा, कपिल, आत भाजी चिरत होता आणि मैत्रेयी दाराजवळच्या टेबलाशी वही उघडून बसली होती, दोन महिन्यांनी, कोणी न सांगता. ऊर्मिला दारातच थबकली. तिसऱ्या वजाबाकीत पोर चुकली. चूक दोघींनाही एकदमच दिसली. मैत्रेयीचा हात टिंटनकिलरकडे गेला, पण आधी तिने मान वर करून आईचा चेहरा पाहिला.

ऊर्मिलाच्या छातीत नेहमीचं धस्स झालं. पण ते चेहऱ्यापर्यंत आलं नाही. सरावाने असेल, नाहीतर आठ्या घालायचंही त्राण उरलं नव्हतं म्हणून असेल.

मैत्रेयी जरा वेळ बघत राहिली. मग तिने चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारली आणि बाजूला नवा आकडा लिहिला.

ऊर्मिलाचे पाय दुखत होते, बॅगेचा पट्टा खांद्यात रुतत होता. तरी ती अंगातल्या कोटासकट तिथेच उभी राहिली. पोर पुन्हा मान वर करील, तेव्हा हाच चेहरा जागेवर असायला हवा होता.