पिळाची पँट

पँट म्हणजे काय, हे मला शिकवायला एक पोरगी आली होती. मला! सोलापूरच्या नव्या पेठेत पस्तीस वर्षं कात्री चालवलेल्या शिवपुत्र मास्तरला!

साल शहात्तर. गावात बेलबॉटमचं खूळ घुसलं होतं. कॉलेजची पोरं यायची आणि म्हणायची, "मास्तर, खाली बत्तीसचा घेर ठेवा." अरे, कंबर तुझी सव्वीस आणि खाली बत्तीस? रस्ता झाडायला नगरपालिकेनं ठेवलाय काय तुला? शिवून द्यायचो, पण चार शब्द सुनावल्याशिवाय नाही. गावात मला फटकळ म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ही पोरगी म्हणजे दाक्षायणी, साखर पेठेतल्या नरसय्याची थोरली. नरसय्या तेलुगू विणकर, माणूस देवासारखा, अक्कल मात्र बेताची. सगळ्या गल्लीनं पॉवरलूम बसवले तरी हा आपला हातमागावर चादरी विणत बसलेला. आणि पोरीला कुठं पाठवली, तर अहमदाबादला, कापडाचं डिझाईन शिकायला! ज्या घरात पाळण्यापासून मागाचा खडखडाट, त्या घरातल्या पोरीनं आगगाडीत बसून कापड शिकायला जायचं. मी तेव्हाच म्हटलं होतं, पैसे जास्त झालेत याला.

तर ती आली. काखेत कापडाचे दोन तुकडे, हातात खाकी कागदांची गुंडाळी.

"मास्तर, पँट शिवायची आहे."

"नवरदेवाची?"

"कुणाचीही. बाई घालेल, पुरुष घालेल."

"आणि म्हैस?"

ती हसली नाही. तिनं टेबलावर कागद पसरले. मी बघतच राहिलो. ना पुढचा भाग, ना मागचा. नुसत्या लांबच लांब वाकड्या पट्ट्या.

"बाजूची शिवण कुटं हाय यात?"

"नाही. एकाच रेषेत सगळं. कमरेपासून निघते, पायाभोवती फिरत फिरत घोट्यापर्यंत येते. एक पट्टी या नरम कापडाची, एक या कडक कापडाची, शेजारी शेजारी."

"म्हंजे पायाची जिलबी."

"तसंच समजा. चेन नको, बटण नको, खिसा नको. कमरेला नाडा."

"मग लेंगा म्हण की, पोरी! पँटची अब्रू कशाला घेतीस?"

ती तरी चिडेना. म्हणाली, शिवून झाली की मग रंगवायची, उकळत्या रंगात, आणि तिथंच तिला आकार येणार. मी तंबाखू मळत होतो. पुढं ती काय काय सांगत होती ते मी ऐकलंच नाही. कशाला ऐकू? "आकार कात्रीनं येतो," मी म्हटलं. "पातेल्यात भाजी होते."

"फक्त कागदाप्रमाणे कापा आणि शिवा, मास्तर. दुसरं काही करू नका."

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला, परदेशात कपडे पाठवणाऱ्या, नवं माणूस हवं होतं. नमुना घेऊन सोमवारी हजर व्हायचं. ज्याचा नमुना पसंत पडेल त्याला ते कामावर घेणार आणि त्याची पँट पॅरिसला जाणार. नरसय्यानं महिनाभर चादरी बंद ठेवून हे सात वार कापड विणलं होतं. दुसरं विणायला आता दिवस नव्हते.

"बाबांनी एकदाच हो म्हटलंय," ती म्हणाली. "जमलं तर मुंबई. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मला कीव आली. तिची नाही, नरसय्याची.

संध्याकाळी मी नेहमीचं काम केलं. कोरं सुती कापड दुकानात आलं की आधी पाण्यात जातं, रात्रभर. माझ्या बापानं घालून दिलेली शिस्त. कापडाला आटायचं असेल तर ते टबात आटू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर आटायला नको. यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? जेवायच्या आधी आपण हात धुतो तसं ते. दोन्ही तुकडे टबात बुडवले आणि घरी गेलो.

सकाळी पाणी खळीनं पांढरं झालेलं. वाळवून मोजलं तर कडक तुकडा लांबीला चांगला हातभर कमी. "वा रे नरसय्या, मापात मारलंस की," मी मनात म्हटलं. इस्त्री फिरवली, कागद मांडले, पुरेनात. मग सगळी हुशारी पणाला लावली. पट्ट्या उलट्यासुलट्या फिरवल्या, कमरेत आतून, नाड्याच्या पट्टीत दडेल असा, एक जोड दिला, पण तिचं माप तिला पुरं करून दिलं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. शिवताना येईल त्याला ती चीज दाखवत होतो. बेलबॉटमवाली पोरंसुद्धा पोट धरून हसली. ज्यांच्या पँटीत दोन बिऱ्हाडं राहतील, ती हसली!

रविवारी सकाळी पँट घेऊन मी स्वतः साखर पेठेत गेलो. द्यायला नव्हे, तमाशा बघायला. अंगणात चुलीवर तांब्याचं भलं मोठं भांडं, त्यात काळानिळा रंग उकळत होता. नरसय्याची बायको पार्वतम्मा काठीनं ढवळत होती. नरसय्या धोतर सावरत लाकडं सारत होता. दाक्षायणीनं पँट उलटीसुलटी करून शिवण बघितली. "छान शिवलीत, मास्तर," म्हणाली. आणि दोन्ही हातांनी अलगद रंगात सोडली.

अर्धा तास झाला. मी चहा पीत बसलो. मग तिनं काठीनं पँट वर काढली, हौदाच्या पाण्यात खळबळली, दोरीवर टाकली. सगळे डोळे लावून बसले.

काही झालं नाही. दोन काळी पोती दोरीवर लोंबत होती. एका पायात नरसय्या उभा मावला असता.

"आला का आकार?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. टेप घेतला, शिवण मोजली, परत मोजली. मग घरात पळत गेली आणि एक छोटा नमुना घेऊन आली. एकच पाय, वीतभर लांबीचा, बाहुलीला होईल एवढा. माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "असं व्हायला हवं होतं, मास्तर. नरम कापड बाबांनी आधीच उकळून घेतलेलं, ते आटत नाही. कडक कापड कोरं. उकळत्या रंगात कोरं तेवढं आटतं आणि नरम कापडाला ओढून घेतं. खळीमुळं कोऱ्यावर रंगही फिका बसतो."

मी तो वीतभर पाय फिरवून बघितला. कापडानं आपल्या आपणच पीळ घेतला होता. पोटरीशी घट्ट, गुडघ्याशी वाकलेला, वर फुगलेला, आणि कडेनं फिका निळा पट्टा गोल गोल उतरत गेलेला. एक चुणी नाही, एक प्लेट नाही. माणूस चालता चालता थांबावा तसा पाय. पस्तीस वर्षांत माझ्या कात्रीतून असलं काही निघालं नव्हतं. शप्पथ सांगतो, देखणा होता.

आणि तो फिरवता फिरवता मी थांबलो. कारण कोरं कापड कोरं राहिलंच नव्हतं. ते माझ्या टबात आटून गेलं होतं.

"मास्तर," तिनं विचारलं, "कापडाला दुसरं काही केलं नव्हतं ना?"

तिघंही माझ्याकडं बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण पस्तीस वर्षांचं नाव, गावभर ज्याला त्याला अक्कल शिकवत फिरणारं तोंड, आणि आत्ताच मारलेला टोमणा. जीभ कशी वळली कुणास ठाऊक.

"कात्री आणि सुई," मी म्हटलं. "आणखी काय करणार मी?"

"अय्यो," नरसय्या कपाळावर हात मारून खाली बसला. "मग माझंच चुकलं. दोन्ही तुकडे मीच उकळले असणार. वय झालं, पोरी, ध्यान राहत न्हाय." पार्वतम्मा तेलुगूत त्याला फाडफाड बोलायला लागली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी चहाची कपबशी कट्ट्यावर ठेवली आणि घरी आलो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, पण तेही कुणाला सांगितलं नाही.

ती पोरगी तरी जिद्दीची. तीच पोती घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेली. बुधवारी परत आली. तिथं म्हणे एकानं विचारलं, सोलापुरात पायजम्याला पँट म्हणतात का?

नंतर साखर पेठेकडं मी जाईनासा झालो. बाजाराला लांबून वळसा घ्यायचो. स्वतःला समजावत होतो, झालं ते बरंच झालं, मुंबईत पोरीच्या जातीनं एकटीनं राहायचं म्हणजे काय सोपं आहे? असल्या पँटी कोण घालणार? मी तिला वाचवलंच की! थू! दुसऱ्या कुणी असलं माझ्यापुढं बोललं असतं तर दुकानाची पायरी चढू दिली नसती त्याला.

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली. हातात वही.

"मास्तर, मला साधी पँट शिकवाल का? सरळ, दोन शिवणींची?"

मी मशीन थांबवलं.

"तिथं अहमदाबादला सगळे वा वा करायचे," ती म्हणाली. "घरचेही. तुम्ही एकट्यानंच तोंडावर सांगितलं की हे खूळ आहे. तेव्हा राग आला होता. पण खरं बोलणारे तुम्हीच निघालात."

असा मार आयुष्यात कुणी दिला नव्हता मला. "बस," मी कसंबसं म्हटलं. ती बाकावर बसली, वही उघडली, वर माझं नाव लिहिलं, खाली रेघ मारली. समोर एका गिऱ्हाइकाचं खाकी ड्रिलचं जाड कापड पडलं होतं, कापडवाल्याकडून आणलेलं तसंच, घडी न मोडलेलं.

"पहिलं काय करायचं?"

माप घ्यायचं, असं म्हणता आलं असतं. तिला काय कळणार होतं? दोन दिवस, चार दिवस निभावलं असतं. पण काम चुकीचं शिकवायचं? खोटं बोलून झालं होतं, एका माणसाला त्याच्या अंगणात बसवून त्याच्या बायकोकडून शिव्या खायला लावून झालं होतं. आता एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्यानं होईना.

"कोरं कापड आलं," मी म्हटलं, "की आदी पाण्यात टाकायचं. रातभर."

ती लिहीत होती. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"कुठलंही कापड?"

"कुठलंबी."

"माझंही टाकलंत?"

"व्हय."

मला वाटलं ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. कात्री फेकून मारली असती तरी चाललं असतं. तिनं वही मिटली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, सावकाश. मी आयुष्यभर लोकांकडं तसं बघत आलोय. माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

"त्या दिवसापासून बाबा मागावर बसलेले नाहीत," ती म्हणाली. "आपल्या हातावर भरवसा राहिला नाही म्हणतात. चला. त्यांना सांगा."

"संध्याकाळी येतो, आत्ता गिऱ्हाईक..."

"चला."

मास्तर म्हणाली नाही. मी टेप गळ्यातून काढला, चपला घातल्या आणि दुकान उघडंच टाकून तिच्या मागं निघालो. साखर पेठ येईपर्यंत तिनं एकदाही वळून बघितलं नाही.