फुलस्टॉपपर्यंत हात बाकावर

बाईंच्या वर्गाचा नियम एकच होता आणि तो कडक होता: वाक्य संपेपर्यंत हात बाकावर. इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत संध्याकाळी त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. ऐकायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द, हा तिथला रोजचा छळ. ‘वीक’ म्हणजे आठवडा की अशक्त, ‘मीट’ म्हणजे भेटणं की मांस, हे नुसत्या शब्दावरून देवालाही सांगता यायचं नाही, असं बाई म्हणत. म्हणून त्या अख्खं वाक्य सांगत, शेवटी मोठ्याने ‘फुलस्टॉप’ म्हणत, आणि मगच पेन उचलायचं. बसच्या ड्रायव्हरला तेवढा दम निघत नसे. एकदा त्याने घाई केली आणि साहेबाला भेटायचं सोडून साहेबाचं मांस करून ठेवलं. साहेब पचला का, असं शेजारच्या बाकावरची दवाखान्यातली आया त्याला अजून विचारते.

वर्गात एवढा धीर शिकवणाऱ्या बाईंच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. यजमानांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, बोलणं मुळातच मोजकं. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द अडखळू लागले. बोलायला शिकवणारी डॉक्टरीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती की त्यांचं त्यांना बोलू द्या, वेळ लागला तर लागू द्या. बाईंनी मान डोलावली खरी, पण एका शब्दासाठी धडपडणारे ते ओठ त्यांना बघवत नसत. ते “मला” म्हणाले की बाई पाणी आणून देत, “खिडकी” म्हणाले की उठून लावून घेत. जेवताना ते “तुला...” अशी सुरुवात करत आणि पुढचं बाईच उरकून टाकत: तुला माझा त्रास होतो, हेच ना? काही त्रासबीस नाही, जेवा बघू. ते मान खाली घालून जेवत.

पुढेपुढे ते “तुला” म्हणेनासेही झाले. या खेपेला डॉक्टरणीने आडपडदा ठेवला नाही. असंच चाललं तर आहे ती वाचाही जाईल, म्हणाली. बाई हादरल्या. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं, पण जित्याची खोड, ती काय अशी सुटते?

त्या संध्याकाळी यजमानांच्या सोबतीला बसणाऱ्या जाऊबाईंना यायला जमलं नाही, म्हणून बाई यजमानांनाच वर्गात घेऊन आल्या आणि शेवटच्या बाकावर बसवलं. वर्ग सुरू झाला. बाई वाक्य सांगत होत्या, हात बाकावर होते, फुलस्टॉप आला की पेनं चालत होती. यजमान सगळं निरखून बघत होते. मध्येच त्यांनी डावा हात वर केला.

“तुला...”

बाईंचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य जिभेवर तयारच होतं. तेवढ्यात समोर ड्रायव्हरने मागे वळून यजमानांकडे पाहिलं आणि दोन्ही हात बाकावर ठेवले. आयेनेही ठेवले. मग सगळ्यांनीच. बाईंनी ओठ मिटले आणि आपले हात टेबलावर दाबून धरले.

“तुला... हसताना...”

गाडी अडली. यजमानांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. तरी बाईंनी हात हलवला नाही.

“...किती दिवसांत... बघितलं... नाही.”

इतके महिने बाईंना वाटत होतं की हा माणूस स्वतःसाठी झुरतोय. तो तर त्यांच्यासाठी झुरत होता, आणि त्याचं ते एक वाक्य त्यांनी रोज ताटावरून उठवून लावलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. माझं चुकलं हो, असं म्हणायला त्या पुढे झाल्या, पण यजमानांचा हात अजून वरच होता.

“फुल... स्टॉप.”

आणि सगळ्या वर्गाने, सवयीनेच, पेनं उचलली. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, हे इंग्रजीत लिहायचं का?”

बाई रडता रडता हसू लागल्या. यजमान हात खाली घ्यायचा विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.