एका घंटीचा निरोप

दिवेलागणीला आमच्या घरचा फोन एकदाच वाजायचा आणि थांबायचा. ते बाबा असत. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी ते एकटेच राहत. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. एक घंटी म्हणजे शेतातून घरी आलो, बरा आहे. घंटी वाजतच राहिली तर उचलायचं, म्हणजे काही काम आहे. हा कायदा त्यांनीच केलेला, मी अमरावतीला कॉलेजात असताना, जेव्हा बोलण्याचे पैसे मिनिटामिनिटाला कटत. पुढे महिन्याच्या पॅकमध्ये बोलणं फुकट झालं. मी त्यांना ते समजावूनही सांगितलं. ते म्हणाले, फुकट झालं म्हणून काय बोलतच राहायचं का?

मलाही ते सोयीचंच होतं. लेक अंगावर पिणारी, संध्याकाळी हमखास मांडीवर. घंटी ऐकायची, मनात ‘हं’ म्हणायचं, उठावं लागत नसे. ते बोंडअळीचं वर्ष होतं. तशा वर्षांत अंधार पडला आणि माणूस शेतातून परतला नाही, की आमच्या गावचे लोक आधी विहिरीकडे पाहून येतात. बाबांवर कोणाचं देणं नव्हतं, त्यांचा स्वभावही खचणाऱ्याचा नव्हता. दिवसा मला हे पक्कं ठाऊक असे. सांज झाली की मात्र कान फोनकडे लागायचा.

फोन कुलदीपने बसवून दिला होता. कुलदीप माझा नवरा, ठिबक सिंचनाच्या कामावर नैरोबीला. आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये मोबाईलची रेंज फक्त गॅलरीत येते, म्हणून जाण्याआधी त्याने इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. टीव्हीशेजारी एक डबा आणि त्याला जोडलेला सासरचा जुना फोन, नंबर वगैरे काही न दिसणारा. कधीमधी तो भलत्याच वेळी वाजायचा. उचलावा तर पलीकडे कोणी नाही. नवीन आहे, रुळेल, म्हणून मी सोडून दिलं.

पोळा होऊन गेला होता. त्या दिवशीही संध्याकाळी एक घंटी वाजली. मी ‘हं’ म्हटलं, लेकीला निजवलं आणि ताट वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजतच राहिला. उचलला तर देवमनकाका. त्यांचा आणि बाबांचा धुरा एक, म्हणजे बांधालगतची शेतं. काकांनी सावकाश, घाबरवायचं नाही अशा बेताने सांगितलं: काल बाबांनी भर उन्हात फवारणी केली, तोंडाचं फडकं घामाने निसटलं आणि चक्कर येऊन ते बांधावर आडवे झाले. काका बैल सोडायला आले तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांनी ऑटोत घालून तेल्हाऱ्याला नेलं, सलाईन लावली. आता उठून बसलेत, चहा पिऊन राहिलेत. पोरीला सांगू नको म्हणत होते, पण काकांना काही ते पटलं नाही.

“पण काका, काल तर त्यांचा मिस कॉल आला होता,” मी म्हटलं.

“कुठून देतीन, बाई? मोबाईल तं घरी चार्जिंगले लावला होता. मानसाले बोलाची सुद नोती.”

मी लेकीला घेतलं आणि अकोल्याच्या बसमध्ये बसले. तिथून तेल्हारा. रस्ताभर मी मनाशी एकच गोष्ट घोळवत होते. ते बांधावर पडले होते तेव्हा इकडे मी ‘हं’ म्हटलं होतं. घंटी आलीच नसती, तर मी काकांना फोन केला असता, कोणालातरी शेताकडे पिटाळलं असतं. काही न समजलेलं माणूस निदान शोधाशोध तरी करतं.

मी पोहोचले तोवर बाबा घरी येऊन खाटेवर बसले होते. काकांवर चिडलेले. नातीला पाहून थोडे निवळले, पण तिला घेतलं नाही, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास येतो म्हणाले.

“देवमन सांगे, तुले घंटी भेटली होती. मंग काहून आली?”

“ती तुमची नव्हती, बाबा.”

“मंग कोनाची होती?”

ते मलाच माहीत नव्हतं. बाबांनी बराच वेळ खाटेची सुटलेली नवार ओढून ओढून बसवली.

“म्हंजे आता मी देईन तेबी तुले खरी वाटनार नाई,” ते म्हणाले.

अमरावतीला चला म्हणून मी खूप विनवलं. कापूस वेचणीवर येऊन राहिला, म्हणाले, अळीनं ठेवला तेवढा तं घरात येऊ दे. शेवटी मी परत आले. त्यांच्यामाझ्यात होती ती एक घंटी, आणि आता तिचाही भरवसा उरला नव्हता.

इंटरनेटवाल्यांना फोन केला तर डबा बंद करून पुन्हा सुरू करा म्हणाले. केला. दुपारी तो पुन्हा वाजला, लेक दचकून उठली, आणि मी तिला कडेवर घेऊन खालच्या मजल्यावरच्या कहकशाँकडे गेले. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, आणि त्यांच्याकडेही हाच फोन आहे. मी सांगितलं तशी ती हसायलाच लागली. त्यांच्या फोनवर नंबर दिसतो. एकदा तिच्या सासूबाईंनी, सईदाचाचींनी, पाहिलं तर नंबर १००. चाचींनी रिसीव्हर हातात धरूनच मुलाला हाक मारली, मुजम्मिल, तू काय करून ठेवलंस, पोलिसांचा फोन आहे. बिचारा मुजम्मिल आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला होता.

मग तिने मला नीट समजावलं. जगात कुठेतरी कोणाचे तरी कॉम्प्युटर दिवसरात्र हाच उद्योग करतात. गल्लीतून जाणारा चोर प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो, तसं प्रत्येक डब्याचं दार वाजवून पाहतात. एखादं उघडं सापडलं तर तिथून फुकट फोन करता येतात. नंबर खोटा, माणूस कोणीच नाही. आपले खरे फोन तेवढे कंपनीमार्फत येतात, हे परस्पर येतात.

“म्हणजे वेगळे काढता येतात?” मी विचारलं.

“अगं, तेच तर करायचं आहे.”

तिने वर येऊन लॅपटॉपवर डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं. कंपनीकडून येतील तेवढेच कॉल घ्यायचे, अशी एक खूण तिथे करायची राहिली होती. ती मी केली. कॉल ज्या दारातून आत येतात त्याचा नेहमीचा क्रमांकही बदलला, म्हणजे कडी हलवायला येणाऱ्याला दारच सापडू नये. कहकशाँने तिच्या मोबाईलवरून फोन लावून पाहिला; वाजला. एवढंच काम होतं. डबा नीट झाला, तेवढं मी बाबांना फोन करून सांगितलं.

त्यानंतर भलत्या वेळी फोन वाजला नाही. संध्याकाळची घंटी मात्र आली, एकच. आता ती बाबांचीच असणार, दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती. तरी माझ्याने ‘हं’ म्हणवलं नाही. डबा दुरुस्त झाला होता. पण घंटी खरी असली तरी ती काय सांगत होती? मोबाईलचं बटण दाबण्याइतपत ते शुद्धीवर आहेत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी लेकीला घेऊन फोनशेजारीच बसले, हात रिसीव्हरवर ठेवून. वाजल्याबरोबर उचलला.

पलीकडे कोणी बोलेना. नुसता पंख्याचा आवाज.

“काहून उचलला?” बाबा म्हणाले. “त्या डब्ब्याचं झालं म्हनलं होतं ना तुनं?”

“झालं. आता फक्त तुमचीच घंटी येते.”

“मंग?”

“घंटीनं तुमी घरी आले एवढंच समजते, बाबा. कसे आहा ते नाई समजत.”

आता ते फोन ठेवतील असं मला वाटलं.

“डाव्या हाताची आग होऊन राहिली अजून,” ते म्हणाले. “रात्री झोप नाई लागत.”

गावी मी त्यांच्यासमोर बसले होते, तेव्हा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मी विचारत गेले, कातडी लाल आहे का, डॉक्टरांना दाखवली का, आणि ते एकेका शब्दात उत्तर देत गेले. उद्या देवमनकाकांबरोबर तेल्हाऱ्याला जाऊन दाखवतो, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मधेच लेकीने रिसीव्हरची वायर तोंडात घातली, तर हे काय वाजून राहिलं म्हणाले. मी सांगितलं. मग दात आले का, किती आले, खाली की वर, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं.

“बरं, ठेवतो,” ते म्हणाले.

“ठेवा.”

पंख्याचा आवाज येतच राहिला. मीही ठेवला नाही.